तास

पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं बसलो.
ज्यांना लिहिता येत नव्हतं ते सांगायचे
आणि मी लिहायचो:
पऱ्हाटी बोंडावर आहे, म्हैस आटली,
पैसे पाठव, नाहीतर राहू दे.
शेवटची ओळ कोणी सांगत नसे,
ती हात आपणच लिहायचा:
लोभ असावा.

कवडू भोयर एकदा खिडकीवर रेलून म्हणाला,
“काहून जी, हे काय लिवता दर खेपी?
बुवा त सांगते का लोभानं माणूस बुडते.
अन् तुमी माह्या पोरीले लिवता,
असावा म्हणून?”

उत्तर नव्हतं.
त्या आठवड्यात आर्वीला गेलो, वाचनालयात
पुठ्ठा निघालेला कोश उघडला.
लोबानाच्या खाली लोभ.
मूळ धातू लुभ्: भांबावणे, वाट चुकणे,
मग ओढ लागणे.
म्हणजे आधी चुकायचं, मग हवं व्हायचं.
माया आणि हाव एकाच घरच्या.
चूल वेगळी कधी झाली, ते दिलेलं नव्हतं.
बरीच पानं मागे गृध् सापडला,
हावरेपणा करणे.
त्याच्यापासून गिधाड.
नाल्यावरच्या अर्जुनावर बसायची ती,
मेलेल्या बैलाभोवती पंख ओढत चालायची.
किती वर्षांत दिसली नाहीत.
पक्षी गेला, धातू गावात राहिला.

कवडूच्या आधीची तीन गेली होती.
म्हणून हा झाला तेव्हा पर्बताबाईने सुपात घातला,
उकिरड्यावर नेला,
सुईणीला एका कवडीत विकला
आणि पायलीभर ज्वारी देऊन परत घेतला.
यमाने पुसलंच तर सांगायला,
“हे आमचं नव्हे, इकत घेतलं हाय.”
पुढचा दमडीत. तो दमडू.
इतकं हवं होतं तिला
की हवं आहे म्हणायची सोय नव्हती.
हा अर्थ कोशात नाही.
मी पेन्सिलीने लिहिणार होतो,
ग्रंथपाल बघत होता.

वाटणी झाली. मधे धुरा, धुऱ्यावर एक बोर.
दर वैशाखात नांगरताना कवडू
धुऱ्यापलीकडे एक तास जास्त घालायचा.
एकच. वीतभर.
भांडायची लाज वाटावी इतकाच.
दमडू पाहायचा, तंबाखू मळायचा.
बावीस वर्षांत धुरा बावीस तास सरकला,
बोर काही सरकेना.
ती उभी राहिली कवडूच्या तुरीत,
साक्षीला बोलावलेली
आणि कोणी काही विचारलंच नाही अशी.

मग दमडूला लेकाने बल्लारशाला नेलं,
किडनीचं काहीतरी.
पौषात कवडू आला, हातात इनलँड.
“लिवा. तुया बोरीले यंदा लय बोरं हाय.
फांद्या भुईले टेकल्या.
पिशवी धाडतो यष्टीनं.”
मी ‘तुझ्या’ लिहिलं आणि वर पाहिलं.
तो अल्पबचतीच्या फलकाकडे पाहत होता,
वाचता येत असल्यासारखा.
“अन् ते लिवा, शेवटचं.”
“कोणतं?”
“तेच जी. बुडवते ते.”

लिहिलं.

वैशाखात त्याने तेविसावा तास घातला.
सायकलवरून जाताना दिसला मला,
ढेकळं ताजी होती.

पिशवीचं सांगायचं राहिलं.
कंडक्टर येईपर्यंत ती माझ्या टेबलाखाली होती.
दोनदा हात घातला. कोण मोजतं.
आंबट निघाली.
तरी सगळी खाल्ली,
आठळ्या चघळत बसलो
टपालाची थैली बांधेपर्यंत.